साठ रुपये आणि आगोट

दिवसाला ६० रुपयांत राहून बघायचं, यातला ६० हा आकडा मी मनाने ठरवला नव्हता. २०११ च्या सप्टेंबरात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र दिलं होतं. खेड्यात माणशी दिवसाला २६ आणि शहरात ३२ रुपये खर्च करणारा माणूस त्या हिशेबाने गरीब नव्हता. दारिद्र्यरेषा काढायची ही पद्धत अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकरांच्या समितीने २००९ साली घालून दिलेली. त्यावर देशभर गदारोळ झाला, दोन सुशिक्षित तरुणांनी तेवढ्या पैशांत राहून बघितलं, त्याच्या बातम्या आल्या आणि हळूहळू सगळं मागे पडलं. माझ्या डोक्यातून मात्र ते २६ रुपये जाईनात. मुंबईची नोकरी सोडून कोकणात, मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या अलीकडे गावच्या घरी राहायला आल्यावर तर ते जास्तच आठवायला लागले, कारण त्या रेषेच्या जरा वर, जरा खाली जगणारी माणसं आता रोज समोर होती. तेव्हाचे २६ रुपये आजच्या महागाईने सव्वादोनपट धरले तर साठच्या घरात जातात. म्हणून साठ. २०२५ च्या वैशाखात सुरुवात करायची आणि आषाढ संपेपर्यंत निभवायचं, असं ठरवलं.

घर वाडवडिलांचं, त्यामुळे भाडं नाही. बाकी सगळं साठात बसवायचं: जेवण, चहा, गॅस, वीज, फोन, एसटी, साबण, औषध. एक नियम मी मुद्दाम कडक ठेवला. राष्ट्रीय नमुना पाहणीवाले घरखर्च विचारायला येतात तेव्हा परसातला नारळ, शेतातला तांदूळ, रानातून खुडून आणलेली भाजी यांचीही किंमत लावून ती खर्चात धरतात. मीही तेच करायचं ठरवलं. आपल्या माडाखाली पडलेला नारळ उचलला तरी बाजारभावाने वहीत मांडायचा.

या एका नियमाने माझ्या स्वयंपाकाची घडीच मोडली. त्या उन्हाळ्यात नारळाचे भाव चढलेले होते. बऱ्यापैकी नारळ चाळीसच्या खाली मिळत नव्हता. आमच्याकडे सकाळी विळीवर नारळ खवल्याचा आवाज आला नाही तर घरात कुणी आजारी आहे की काय असं शेजारी विचारतात. आता एक नारळ फोडायचा म्हणजे दिवसाचे दोन तृतीयांश पैसे संपले. अर्धी कवड पुरवून पुरवून वापरली तरी अंगावर येई. सोलकढी गेली, आमटीतलं खोबऱ्याचं वाटप गेलं, घावन्यांसोबतचा नारळाचा रस गेला. उरलं तिवळ: कोकमाच्या आगळात पाणी, मीठ, जिरं. पाच माडांच्या मालकिणीला नारळ परवडत नाही हे वहीत स्वच्छ दिसत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. ज्याला पैशाची नड आहे तो आपले नारळ विकतो, खात नाही. आमच्याच वाडीत तीन घरं अशी आहेत.

साठातले खरे हातात किती, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. गॅसचा सिलिंडर तेव्हा साडेआठशेच्या वर. माझ्या एकटीला तीन महिने पुरतो, म्हणजे दिवसाचे दहा रुपये बाजूला. फोनचं रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं, दोनशेच्या आसपास, म्हणजे सात. विजेचे आठ. राहिले पस्तीस. एसटीत बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे ही फार मोठी गोष्ट आहे, हे मी त्या दिवसांत मनापासून मान्य केलं. तरी मालवणला जाऊन यायचं म्हटलं की त्या दिवशी चुलीवर काय शिजणार ते जाण्याआधीच ठरलेलं असे.

पस्तीसात शिजायची ती पेज आणि पिठी. उकडे तांदूळ तीनशे ग्रॅम घेतले तर सोळा-सतरा रुपये. त्यातले निम्मे सकाळी पेजेला. पेज करण्यात घाई चालत नाही. तांदूळ भरपूर पाण्यात टाकून मंद आचेवर ठेवायचे, शीत बोटाखाली दबलं पण फुटलं नाही की उतरायचं आणि झाकून ठेवायचं. वरचं पाणी दाटसर, किंचित तांबूस. सोबत खारातली मिरची. दुपारी भात आणि कुळथाची पिठी. तीन चमचे पीठ थंड पाण्यात कालवून घ्यायचं, गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या मोडत नाहीत. थोड्या तेलावर ठेचलेली लसूण चांगली लाल होऊ द्यायची, कांदा, मिरची, मग कालवलेलं पीठ, कोकमाची दोन सोलं, मीठ. आणि उकळी फुटेपर्यंत डाव हलवत राहायचं. तीन चमच्यांची पिठी दोन वेळा पुरते. नारळ घातला नाही तरी ती आपली चव सोडत नाही, उलट कुळथाचा खमंगपणा जास्त कळतो. कोकणातल्या गरीब घराला कुळथाने जगवलं असं म्हणतात, ते मला त्या उन्हाळ्यात पटलं. एक दिवसाआड अंडं. बंदरावर संध्याकाळी उरलेल्या तारलीचा किंवा पेडव्यांचा वाटा स्वस्तात मिळाला तर तो. त्यासाठी आधी दोन दिवस अंडं सोडायचं.

एका रात्री मी उष्मांक मांडून बघितले. दीड हजाराच्या आतच. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा गाजलेला हिशेब मांडला, तेव्हा माणशी २,२५० उष्मांक धरले होते आणि ते मिळवायला खेड्यात १९६०-६१ च्या भावाने महिन्याला १५ रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास पैसे लागतात असं काढलं होतं. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने खेड्यासाठी २,४०० उष्मांक धरले. मी खुर्चीत बसून काम करते, मला दीड हजारात भागवता आलं. कातळावर खड्डे मारणाऱ्या बाईला भागणार नाही. तिला सरकारी धान्य मिळतं: २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो, २०२३ पासून फुकट. दिवसाला १६६ ग्रॅम. हे धान्य नसतं तर साठ रुपयांचा सगळा हिशेब कोसळला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या धान्याला 'रेवडी' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालते, पूर्वी गप्प बसायचे.

इथवरचं सगळं मला साधारण अपेक्षित होतं. कमी खाणं, साधं खाणं, चालत जाणं. हे उपासतापासाच्या संस्कारात वाढलेल्या कुणालाही जमतं. पण वैशाख अर्ध्यावर आला आणि वाडीत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग सुरू झाली, तेव्हा मला या साठ रुपयांचं खरं रूप दिसलं.

ज्यांनी कोकणात पावसाळा काढला नाही त्यांच्यासाठी सांगते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बाहेर पाऊस असा की शेताखेरीज दुसरं काम नाही, आणि शेतही स्वतःचं असेल तर. म्हणून मे महिन्यात चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची. मिरच्या वाळवून मसाला दळून आणायचा. कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या. जवळा, सुकट, खारवलेले बांगडे उन्हात पुन्हा एकदा तापवून डब्यात भरायचे. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून साली त्यांच्याच रसात बुडवायच्या आणि वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, तेव्हा ती सोलं वर्षभर टिकतात. खडे मीठ, फणसाच्या आठळा, चुलीसाठी माडाचे पिडे आणि चुडतां पडवीत रचून ठेवायची. ज्यांची भातशेती होती त्यांच्याकडे पूर्वी पेंढ्याने बांधलेल्या तांदळाच्या मुड्या असत. घरात काय आहे हे पडवी आणि माळा बघून कळायचं.

आणि मी वहीत रोज साठ रुपये मांडत बसले होते. माझ्यासमोर किलोकिलोने मिरची, पायलीने जवळा जात होता, आणि मला त्यातलं काहीच घेता येत नव्हतं. पैसे कमी होते म्हणून नव्हे. पावसाळाभर मी जेवढा जवळा खाणार होते त्याचे पैसे त्या साठांमधून कधी ना कधी जाणारच होते. पण ते आज माझ्याकडे नव्हते. आषाढात तोच जवळा मापाने घेताना दीडपट भावाने घेतला. सोलं पन्नास ग्रॅमची पुडी घ्यायची आणि ती संपली की पुन्हा पन्नास ग्रॅम. किलोने घेणाऱ्यापेक्षा प्रत्येक पुडीला मी जास्त मोजत होते. कांदा पावकिलो, तेल दहा रुपयांचं. (एक रुपयाची शॅम्पूची पुडी तेवढी याला अपवाद निघाली, ती बाटलीपेक्षा स्वस्त पडते.) ज्याच्याकडे पैसे एकदम असतात त्याला वस्तू स्वस्त मिळते आणि ज्याच्याकडे दिवसाचे दिवसाला येतात त्याला तीच महाग. गरिबी मोजताना आपण रक्कम मोजतो. ती रक्कम वर्षाची हातात येते, महिन्याची येते की दिवसाची, हे मोजत नाही, आणि माझ्या मते निम्मी गोष्ट तिथेच सुटते.

आजीच्या वेळी आमच्या घरात पैसा महिन्याने यायचा. आजोबा परळच्या गिरणीत. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की आजी आधी वाण्याची उधारी चुकती करायची आणि मग उरलेल्यातून घर चालवायची. सगळा सिंधुदुर्ग, सगळी रत्नागिरी अशीच चालली होती. आजीचा पैसा आजच्या मापाने थोडाच होता, पण तो ठरलेल्या सुमाराला यायचा, म्हणून वाणी तिला उधार द्यायचा, म्हणून ती वैशाखात आगोट भरू शकायची. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या पंचक्रोशीत मनीऑर्डरी थांबल्या. आजी सांगायची की त्या वर्षी वाण्याने तोंडाने कधी नाही म्हटलं नाही, फक्त वही उघडायला वेळ लावायचा. त्या वर्षीची आगोट तिने गळ्यातल्या मण्यांवर भरली. परत आलेल्यांपैकी कितीतरी जणांचा पैसा तेव्हा महिन्यावरून दिवसावर आला आणि तिथेच राहिला. त्यांची मुलं आज आंब्याकाजूच्या बागांत रोजाने जातात.

शेजारधर्माचीही तीच गत झाली. मे महिन्यात कुणी ना कुणी वाटीत काहीतरी आणून देतंच. फणसाचे गरे, करवंदं, शेवग्याचा पाला, एकदा तर कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, तिखलं. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. साठ रुपयांत वाटी कशी भरणार? मी काही दिवस वाट्या तशाच ठेवल्या, मग शेवटी चार खारातल्या मिरच्या घालून एकेक परत केली. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या आठवड्यात वाट्या कमी आल्या. आणि मे म्हणजे लग्नसराई. शंभर-एकशेएक रुपयांचा आहेर म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचे पैसे. एका लग्नाला मी अंग चोरून जेवून आले, दुसऱ्याला गेलेच नाही. शेजाऱ्याला दिलेली वाटी ही पण बेगमीच असते. आज माझ्याकडून गेलेली उद्या अडचणीत परत येते. रोजच्या पैशावर जगणाऱ्याची ही कणगीसुद्धा रिती राहते. दारिद्र्यरेषेच्या कोष्टकात आहेराचा रकाना कुठे असेल तर तो मोठा हवा, एवढं मला नक्की वाटतं.

आमच्या शेजारच्या वाडीत एक काकी आहेत. बागेत रोजाने जातात; १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा या कातळावर काजूची कलमं लागली, त्यांतले खड्डे त्यांच्या आईने मारलेले आहेत. आता त्याच झाडांखाली काकी बी गोळा करतात. माझी वही त्यांनी एकदा शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "गो, तू साठ रुपयांत ऱ्हवतंस ता बरां. पण तुझे साठ दररोज येतत मां? आमचे येतत तेव्हा तीनशे येतत, नाय तेव्हा आठवडोभर दमडी नाय."

माझ्या सगळ्या नियमांत हा एक नियम नव्हता. मी कोष्टकाने वागत होते, आणि कोष्टकात वर्षाला ३६५ ने भागलेलं असतं. काकींच्या घरात भागाकार नसतो. रोजगार हमीचं काम धरलं तरी तसंच: २०२५-२६ साली महाराष्ट्रात त्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. २००५ च्या कायद्यातली हमी वर्षाला घरामागे १०० दिवसांची होती. सगळे दिवस मिळाले तर ३१,२०० रुपये, म्हणजे भागून दिवसाला ८५, तेही सबंध घराला. घरात माणसं चार.

त्या वर्षी तर काकींचं बोलणं लगेच खरं झालं. पाऊस मृगाची वाट बघत थांबला नाही. २० मेच्या सुमारास झोडपायला लागला आणि २५ मे रोजी मोसमी पाऊस देवगडला पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. अंगणात वाळत घातलेली सोलं भिजली, त्यांना बुरशी धरली. वळवाच्या आधी शेवटचं ऊन दाखवायचं म्हणून राखून ठेवलेली सुकी मासळी तशीच दमट राहिली. बागेतलं काम बंद. माझ्या वहीत त्या दिवसांतही साठ रुपये रोज जमा होत होते. काकी दारात बसून पाऊस बघत होत्या.

तरी काकींच्या घरात जवळा होता, मिरची होती, मीठ होतं. माझ्या घरात नव्हतं. हे कसं, म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी भिशीचं सांगितलं. दिवाळीपासून वाडीतल्या बाया दर आठवड्याला पन्नास रुपये टाकतात. जिला एखाद्या आठवड्याला काम नसेल तिचे दुसरी भरते, नंतर फेडून घेते. मध्ये कुणाला नड लागली तर थोड्या व्याजाने देतात. अक्षय तृतीयेच्या आसपास सगळी रक्कम वाटून घ्यायची आणि ती फक्त आगोटीला वापरायची. पंचवीस-सव्वीस आठवड्यांचे तेराशे, वर थोडं व्याज. जे पैसे दिवसाने येतात त्यांना असं जबरदस्तीने एकत्र आणायचं, म्हणजे त्यांची किंमत वाढते. हे अर्थशास्त्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही. एका आठवड्याचे पन्नास वाचवायला पोरांच्या तोंडचं काय काढून ठेवावं लागतं हेही त्यांनीच सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

आव्हान संपल्यावर मी पुन्हा नारळ खवायला लागले, हे सांगायला नकोच. पण त्या दिवाळीपासून मीही भिशीत आहे. माझ्याकडे पैसा महिन्याने येतो, तेव्हा मला त्या भिशीची गरज नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आमचं असं ठरलं की घाऊक खरेदीची रक्कम मी आधी घालायची आणि बायांनी ती पुढच्या दिवाळीपर्यंत, काम असेल त्या आठवड्यांत, जमेल तशी फेडायची. व्याज नाही. माझ्या चुलतभावाचं म्हणणं, पैसे बुडतील. वाण्याच्या वहीवर दोन पिढ्या जगलेल्या घरातल्या माणसाने असं म्हणू नये, असं मी त्याला सांगितलं.

काकींनी त्यात एकच अट घातली. जवळा होळीनंतर लगेच घ्यायचा, वैशाखाची वाट बघायची नाही. "गेल्या वर्षासारखो मे म्हयन्यात पाऊस इलो तर सुकवतलंव खंय?" त्यामुळे या वर्षी आगोट चैत्रातच भरायची आहे. जवळा ठरला, मीठ ठरलं. मिरच्या कणकवलीच्या आठवडा बाजारातून घ्यायच्या की टेम्पो करून आंबोली घाटाने थेट कर्नाटकातल्या संकेश्वरला जायचं, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही.